सतत एकत्रीकरणातील अनावश्यक जॉब टाळणे

सतत एकत्रीकरणातील अनावश्यक जॉब टाळणे ही सॉफ्टवेअर विकासातील एक कार्यपद्धती आहे. एखाद्या प्रकल्पाच्या कोडमध्ये बदल झाला की त्याची बांधणी व चाचणी स्वयंचलितपणे करणाऱ्या यंत्रणेला सतत एकत्रीकरण किंवा संक्षेपाने सीआय असे म्हणतात. या यंत्रणेत प्रत्येक बदलासाठी अनेक कामे, म्हणजेच जॉब, चालवले जातात. त्यांपैकी ज्या जॉबच्या निकालावर त्या बदलाचा कोणताही परिणाम होऊ शकत नाही, तसेच ज्या जॉबच्या निकालाची कोणालाही गरज उरलेली नाही, असे जॉब न चालवणे किंवा मध्येच थांबवणे हा या पद्धतीचा गाभा आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये या विषयाला विशेष महत्त्व आहे. तेथील सीआयची यंत्रे बहुधा देणगीतून, प्रायोजकांकडून किंवा एखाद्या सेवेच्या मोफत मर्यादेत मिळालेली असतात आणि अनेक प्रकल्प ती वाटून वापरतात. एका प्रकल्पाने वाया घालवलेला यंत्रवेळ दुसऱ्या प्रकल्पाच्या रांगेत प्रतीक्षा म्हणून दिसतो. मात्र जॉब वगळणे हे नेहमी एक विधान असते: ‘या बदलामुळे ही चाचणी अपयशी ठरू शकत नाही.’ हे विधान चुकले तर सदोष कोड मुख्य शाखेत शिरतो. म्हणून वगळण्याच्या नियमांइतकेच ते नियम चुकल्यास दोष पकडणाऱ्या व्यवस्थेलाही महत्त्व असते.

मूलभूत संकल्पना

सीआयमधील सर्वांत लहान स्वतंत्र घटक म्हणजे जॉब. तो एका यंत्रावर सुरू होतो, ठरावीक आज्ञा क्रमाने पार पाडतो आणि यशस्वी किंवा अयशस्वी असा निकाल देतो. ज्या यंत्रावर तो चालतो त्याला रनर म्हणतात. परस्परांशी संबंधित जॉबच्या मालिकेला पाइपलाइन, तर गिटहबच्या परिभाषेत वर्कफ्लो असे म्हणतात. पाइपलाइन सुरू करणाऱ्या घटनेला ट्रिगर म्हणतात. भांडारात नवा कमिट येणे, पुल रिक्वेस्ट उघडली जाणे, ठरलेली वेळ होणे किंवा कोणी हाताने आज्ञा देणे या नेहमीच्या घटना होत.

एकच चाचणी अनेक परिस्थितींत चालवण्यासाठी मॅट्रिक्सचा वापर होतो. समजा, एखाद्या प्रकल्पाची चाचणी तीन कार्यप्रणाली, पायथनच्या पाच आवृत्त्या आणि दोन डेटाबेस यांवर घ्यायची आहे. या तिन्हींचा गुणाकार ३० होतो, म्हणजे प्रत्येक बदलामागे ३० जॉब. एका जॉबला १२ मिनिटे लागत असतील, तर एका बदलाची किंमत ३६० यंत्रमिनिटे, म्हणजे सहा यंत्रतास. हाच वर्कफ्लो कमिट येताच आणि पुल रिक्वेस्ट उघडताच अशा दोन्ही घटनांना जोडलेला असेल, तर त्याच कोडसाठी ६० जॉब चालतात. वाचा-मला फाइलमधील एका अक्षराची शुद्धलेखनाची चूक सुधारण्यासाठी बारा यंत्रतास खर्च होण्याची शक्यता अशा साध्या मांडणीतच दडलेली असते.

जॉब टाळणे आणि जॉब वेगवान करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अवलंबित पॅकेजे कॅशमध्ये साठवून ठेवल्याने किंवा चाचण्या अनेक यंत्रांवर वाटल्याने निकाल लवकर मिळतो. पण रनर मिळवणे, त्यावर कोड उतरवणे व वातावरण सिद्ध करणे हा खर्च प्रत्येक जॉबमागे राहतोच. न चालवलेल्या जॉबला यांतील काहीही लागत नाही.

इतिहास

‘सतत एकत्रीकरण’ ही संज्ञा ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या पद्धतीत तिला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि २००० साली मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे ती सर्वत्र रूढ झाली. क्रूझकंट्रोल (२००१) आणि कोहसुके कावागुची यांनी सुरू केलेले हडसन (२००५) ही आरंभीची मुक्तस्रोत साधने होती. हडसनपासून २०११ मध्ये जेन्किन्स हा प्रकल्प वेगळा झाला. या काळात सीआयचा सर्व्हर बहुधा संस्थेच्या स्वतःच्या खोलीत असे. यंत्रे मोजकी असल्याने रांग लांबली की ती सर्वांच्या लक्षात येत असे.

२०११ मध्ये बर्लिन येथे सुरू झालेल्या ट्रॅव्हिस सीआयने सार्वजनिक भांडारांना ही सेवा मोफत दिली. त्यानंतर छोट्या मुक्तस्रोत प्रकल्पांतही प्रत्येक बदलावर चाचणी घेण्याची सवय रुजली. गिटलॅबने २०१५ मध्ये आपली सीआय यंत्रणा मुख्य उत्पादनातच समाविष्ट केली, तर गिटहब ॲक्शन्स ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. यंत्रवेळ मोफत व जवळजवळ अमर्याद वाटू लागल्याने पाइपलाइनी मोठ्या होत गेल्या.

हा समज २०२० पासून बदलू लागला. ट्रॅव्हिस सीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांच्या अमर्याद वापरावर मर्यादा आणली आणि जून २०२१ मध्ये सार्वजनिक भांडारांसाठीचे आपले जुने संकेतस्थळ बंद केले. गिटलॅबने मोफत वापरकर्त्यांची मासिक मर्यादा २,००० मिनिटांवरून ४०० मिनिटांवर आणली. मोफत रनरवर चोरून कूटचलनाचे उत्खनन करण्याचे प्रकार वाढल्यामुळे २०२१ मध्ये सेवादात्यांनी निर्बंध आणखी कडक केले. प्रथमच योगदान देणाऱ्याच्या पुल रिक्वेस्टवरील वर्कफ्लो देखभालकर्त्याच्या संमतीशिवाय चालू नये, ही गिटहबची तरतूद त्याच काळातील आहे. वर्कफ्लो वगळण्याची व रद्द करण्याची साधनेही याच सुमारास आली: कमिटच्या संदेशात ‘स्किप सीआय’ असे लिहून वर्कफ्लो टाळण्याची सोय गिटहब ॲक्शन्समध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये, तर एकाच गटातील जुनी फेरी रद्द करण्याची सोय एप्रिल २०२१ मध्ये उपलब्ध झाली.

अनावश्यक जॉबची कारणे

अनावश्यक जॉब सहसा कोणी जाणूनबुजून निर्माण करत नाही. त्यांची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

दुहेरी ट्रिगर: वर सांगितल्याप्रमाणे एकाच कमिटवर दोन घटनांमुळे तोच वर्कफ्लो दोनदा चालतो. योगदानकर्ता मूळ भांडारातच शाखा काढून काम करत असेल, तर हा प्रकार हमखास घडतो.

कालबाह्य झालेल्या फेऱ्या: योगदानकर्ता पुल रिक्वेस्टवर एकामागून एक कमिट पाठवतो. तिसरा कमिट आल्यावर पहिल्या दोघांच्या निकालाचा उपयोग उरत नाही, तरी त्यांचे जॉब चालूच राहतात आणि तिसऱ्याला रांगेत थांबावे लागते.

असंबद्ध बदल: केवळ दस्तऐवजीकरण, चित्रे किंवा अनुवाद बदलले असतानाही संपूर्ण चाचणीसंच चालतो.

आधीच ठरलेले अपयश: कोड बांधलाच जात नसेल किंवा त्याची मांडणी नियमांनुसार नसेल, तर पुढील तासाभराच्या चाचण्यांना अर्थ नसतो. तरीही सर्व जॉब एकाच वेळी सुरू केल्यामुळे त्या चालतात.

फुगलेला मॅट्रिक्स: प्रकल्पाने आधार देणे थांबवलेल्या जुन्या आवृत्त्यांचे जॉब यादीत तसेच राहतात. नवी आवृत्ती जोडण्याचे काम कोणीतरी करतो, पण जुनी काढण्याची आठवण कोणाला राहत नाही.

प्रतींमधील फेऱ्या: मुक्तस्रोत भांडाराची प्रत कोणीही काढू शकतो. मूळ प्रकल्पासाठी लिहिलेले प्रकाशनाचे किंवा उपयोजनाचे जॉब त्या प्रतींतही चालू लागतात आणि आवश्यक गुप्त किल्ल्या तेथे नसल्यामुळे अयशस्वी होतात.

टाळण्याच्या पद्धती

ट्रिगर मर्यादित करणे

कमिटवरील ट्रिगर फक्त मुख्य व प्रकाशन शाखांपुरता ठेवणे आणि इतर सर्व शाखांची चाचणी पुल रिक्वेस्टवर सोपवणे, हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्याने दुहेरी फेऱ्या थांबतात. गिटलॅबमध्ये संपूर्ण पाइपलाइन निर्माण व्हावी की नाही हे ठरवणारे नियम एकाच ठिकाणी लिहिता येतात. प्रतींमध्ये चालू नयेत असे जॉब भांडाराचे नाव तपासणाऱ्या अटीने रोखले जातात. सार्वजनिक भांडाराच्या प्रतीत वेळापत्रकानुसार चालणारे वर्कफ्लो गिटहब मुळातच बंद ठेवते. मूळ भांडारातही ६० दिवस कोणतीच हालचाल झाली नाही, तर ते आपोआप थांबतात.

बदललेल्या फाइलींनुसार निवड

बदललेल्या फाइलींचे मार्ग पाहून कोणते जॉब चालवायचे हे ठरवता येते. हे दोन प्रकारे केले जाते. पहिल्या प्रकारात ‘या फाइली बदलल्या तरी दुर्लक्ष करा’ अशी यादी दिली जाते, तर दुसऱ्यात ‘या फाइली बदलल्या तरच चालवा’ अशी. पहिला प्रकार अधिक सुरक्षित मानला जातो, कारण यादीत नसलेली नवी फाइल आली तर जॉब चालतो. दुसऱ्या प्रकारात अशी फाइल नजरेतून निसटते आणि तिची चाचणीच होत नाही.

अनेक घटक एकाच भांडारात असतील तर केवळ मार्ग पाहून भागत नाही. एका सामायिक ग्रंथालयातील बदल त्यावर अवलंबून असलेल्या सर्व घटकांना लागू होतो. त्यासाठी अवलंबनाचा आलेख ठेवणारी बांधणी-साधने वापरली जातात. गूगलने २०१५ मध्ये मुक्त केलेले बेझल हे त्यांपैकी एक होय. ते बदललेल्या फाइलीपासून सुरुवात करून तिच्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेली लक्ष्ये शोधू शकते.

जुन्या फेऱ्या रद्द करणे

एकाच पुल रिक्वेस्टच्या सर्व फेऱ्या एका गटात घालून, नवी फेरी येताच चालू असलेली जुनी रद्द करण्याचा नियम देता येतो. गिटलॅबमध्ये यासाठी प्रत्येक जॉबवर तो मध्ये थांबवता येण्याजोगा आहे की नाही हे नोंदवले जाते. हा नियम मुख्य शाखेवर सरसकट लावणे योग्य नसते. तेथे प्रत्येक कमिटचा निकाल नोंदलेला असेल, तर दोष नेमका केव्हा शिरला हे शोधता येते. उपयोजनाचा जॉब अर्ध्यावर रद्द झाल्यास सेवा अर्धवट बदललेल्या अवस्थेत राहण्याचा धोकाही असतो.

स्वस्त तपासणी आधी

मांडणी, वाक्यरचना आणि बांधणी यांची तपासणी एक-दोन मिनिटांत होते. महाग जॉब या तपासणीवर अवलंबून ठेवले, तर साध्या चुकीची किंमत दोन मिनिटांपुरती मर्यादित राहते. याची दुसरी बाजू अशी की, सर्व काही ठीक असताना एकूण निकालाला तेवढा उशीर होतो. म्हणून पहिला टप्पा अगदी लहान ठेवण्याकडे कल असतो.

मॅट्रिक्सची विभागणी

वरील उदाहरणातील ३० जोड्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालवण्याऐवजी लिनक्सवर पायथनच्या पाचही आवृत्त्या एका डेटाबेससह आणि उरलेल्या दोन कार्यप्रणालींवर प्रत्येकी एक जॉब, असे सात जॉब पुरेसे ठरू शकतात. खर्च ३६० मिनिटांवरून ८४ मिनिटांवर येतो. उरलेल्या जोड्या विलीनीकरणापूर्वी एकदा किंवा दररोज रात्री चालवल्या जातात. रस्ट या भाषेच्या प्रकल्पात पुल रिक्वेस्टवर मोजकेच जॉब चालतात. बदल मान्य झाल्यावर तो बॉर्स या यंत्रणेच्या रांगेत जातो आणि संपूर्ण संच यशस्वी झाला तरच मुख्य शाखेत विलीन होतो. किरकोळ बदल एकत्र बांधून त्यांची एकच फेरी घेण्याची प्रथाही तेथे आहे. गिटहबने विलीनीकरण-रांगेची अशीच सोय जुलै २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

वेळेची मर्यादा

अडकून पडलेला जॉब हाही अनावश्यक जॉबच होय. गिटहबच्या रनरवर मर्यादा दिली नसेल, तर असा जॉब सहा तासांपर्यंत यंत्र अडवून ठेवतो. नेहमीच्या कालावधीच्या दुप्पट-तिप्पट मर्यादा घातल्यास ही हानी टळते.

उदाहरणे

फ्रॅपे व ईआरपीनेक्स्ट

महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण म्हणजे रुशभ मेहता यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या फ्रॅपे या कंपनीचे मुक्तस्रोत प्रकल्प. फ्रॅपे फ्रेमवर्क ही जाल-अनुप्रयोग उभारण्याची चौकट असून तिच्यावर ईआरपीनेक्स्ट ही लेखा, साठा व उत्पादन यांच्या व्यवस्थापनाची प्रणाली उभी आहे. सर्व्हरचा भाग पायथनमध्ये आणि ब्राउझरमधील भाग जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. त्यामुळे चाचण्याही दोन प्रकारच्या होतात: डेटाबेससह चालणाऱ्या सर्व्हर-चाचण्या आणि सायप्रेस या साधनाने प्रत्यक्ष ब्राउझर चालवून घेतलेल्या दर्शनी चाचण्या. दोन्ही महाग आहेत.

फ्रेमवर्कच्या भांडारात ‘रूलेट’ नावाची एक छोटी पायथन फाइल आहे. ती पुल रिक्वेस्टमधील बदललेल्या फाइलींची यादी मिळवून त्यांचे वर्गीकरण करते. केवळ दस्तऐवज बदलले असतील तर बांधणी थांबवली जाते. केवळ ब्राउझरचा कोड बदलला असेल तर सर्व्हर-चाचण्या आणि केवळ पायथन बदलले असेल तर दर्शनी चाचण्या वगळल्या जातात. खुद्द सीआयच्या फाइलींत बदल असेल, तर मात्र सर्व काही चालते. यांतील तिसरा नियम वादातीत नाही, कारण सर्व्हरमधील बदलानेही ब्राउझरमधील पडदा बिघडू शकतो. त्यावर उपाय म्हणून पुल रिक्वेस्टला विशिष्ट लेबल लावून वगळलेल्या चाचण्या चालवण्याची सोय ठेवलेली आहे. यंत्राच्या अंदाजावर देखभालकर्त्याचा निर्णय वरचढ ठरतो, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे.

ईआरपीनेक्स्टच्या सर्व्हर-चाचण्यांच्या वर्कफ्लोमध्ये दुर्लक्ष करायच्या फाइलींची यादी दिलेली असून तिच्यात जावास्क्रिप्ट, सीएसएस, एचटीएमएल, मार्कडाउन आणि सीएसव्ही या प्रकारांचा समावेश आहे. सीएसव्हीचा उल्लेख अनुवादकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. या प्रकल्पातील अनुवाद दीर्घकाळ प्रत्येक भाषेच्या स्वतंत्र सीएसव्ही फाइलीत ठेवले जात आणि त्यांत मराठीचीही फाइल होती. एखाद्या मराठी शब्दाचा अनुवाद सुधारणाऱ्या पुल रिक्वेस्टसाठी डेटाबेस उभारून हिशेबाच्या चाचण्या चालवण्याची गरज या नियमामुळे उरली नाही. याच वर्कफ्लोंमध्ये नवी फेरी आल्यावर जुनी रद्द करण्याचा नियम आणि दैनंदिन वेळापत्रकाची नोंदही आढळते. फाइलप्रकार पाहून वगळलेल्या बदलांचा परिणाम झालाच असेल, तर तो वेळापत्रकानुसार होणाऱ्या पूर्ण फेरीत दिसण्याची शक्यता राहते.

फ्रीडेस्कटॉप व मेसा

लिनक्सवरील चित्रप्रणालीशी संबंधित अनेक प्रकल्प फ्रीडेस्कटॉप या संस्थेच्या गिटलॅबवर आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये या प्रकल्पांच्या आर्थिक व्यवस्थेशी संबंधित मंडळाने जाहीर केले की, सेवेचा खर्च त्या वर्षी सुमारे ७५ हजार डॉलरवर जाण्याची चिन्हे असून प्रायोजक न मिळाल्यास काही महिन्यांत सीआय बंद करावी लागेल. खर्चाचा मोठा भाग साठवण आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचा होता. प्रत्येक जॉब सुरू होताना प्रतिमा व फाइली उतरवून घेतो, त्यामुळे रनर देणगीत मिळाले असले तरी जॉबची संख्या थेट बिलात उतरत होती.

त्या प्रकल्पांपैकी मेसा या चित्रचालकांच्या ग्रंथालयाची पाइपलाइन विशेष गुंतागुंतीची आहे. तिच्या चाचण्या प्रयोगशाळांत ठेवलेल्या प्रत्यक्ष उपकरणांवर चालतात आणि उपकरणांची संख्या मर्यादित असते. म्हणून प्रत्येक चालकासाठी कोणत्या फाइली बदलल्यावर कोणत्या चाचण्या चालाव्यात याचे स्वतंत्र नियम लिहिलेले आहेत. पूर्ण पाइपलाइन स्वयंचलितपणे चालते ती विलीनीकरण करणाऱ्या मार्ज या बॉटकडे बदल सोपवल्यावर. तोवर बहुतेक जॉब हाताने सुरू करावे लागतात.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन

अपाची फाउंडेशनचे शेकडो प्रकल्प गिटहबवरील एकाच संस्थेच्या खात्यात असल्याने रनरची रांगही एकच आहे. काही मोठ्या प्रकल्पांनी रांग व्यापू नये म्हणून फाउंडेशनने धोरण आखले. त्यानुसार एका वर्कफ्लोमध्ये एकाच वेळी चालणारे जॉब २० पेक्षा अधिक नसावेत. प्रकल्पाचा आठवड्याचा सरासरी वापर २५ पूर्णवेळ रनरच्या, म्हणजे ४,२०० तासांच्या पुढे जाऊ नये, असे बंधनही आहे. सामायिक साधनसंपत्तीला कोटा लावण्याचे हे उदाहरण आहे. कोट्यात बसण्यासाठी कोणते जॉब टाळायचे, हे प्रकल्पाने स्वतः ठरवायचे असते.

धोके व मर्यादा

अनिवार्य तपासणी अडकणे: विलीनीकरणासाठी एखादी तपासणी अनिवार्य केलेली असेल आणि फाइलमार्गाच्या नियमामुळे तिचा संपूर्ण वर्कफ्लोच सुरू झाला नाही, तर गिटहबवर ती तपासणी प्रलंबित दिसत राहते आणि विलीनीकरण अडते. याउलट वर्कफ्लो सुरू होऊन त्यातील जॉब अटीमुळे वगळला गेला, तर तो यशस्वी मानला जातो. त्यामुळे अनिवार्य तपासण्यांसाठी मार्गाचा नियम वर्कफ्लोच्या पातळीवर न ठेवता जॉबच्या पातळीवर ठेवण्याची शिफारस केली जाते.

खोटे यश: वगळलेला जॉब यशस्वी मानण्याच्या नियमातूनच दुसरा धोका निर्माण होतो. सर्वांत शेवटी निकाल गोळा करणारा जॉब आधीच्या जॉबवर अवलंबून ठेवला आणि आधीचा जॉब अयशस्वी झाला, तर शेवटचा जॉब वगळला जातो. तोच अनिवार्य असेल तर तपासणी यशस्वी भासते. हे टाळण्यासाठी शेवटचा जॉब प्रत्येक परिस्थितीत चालेल अशी अट घालून त्याने आधीच्या प्रत्येक जॉबचा निकाल स्वतः तपासावा लागतो.

तुलनेचा चुकीचा आधार: कोणत्या फाइली बदलल्या हे ठरवण्यासाठी दोन अवस्थांची तुलना करावी लागते. रनरवर भांडाराचा केवळ शेवटचा कमिट उतरवला असेल, तर तुलनेसाठी आधीची अवस्थाच उपलब्ध नसते. गिटलॅबमध्ये वेळापत्रकानुसार चालणाऱ्या पाइपलाइनीला तुलनेचा असा आधार नसल्याने फाइलबदलाचा नियम नेहमीच लागू ठरतो. या वर्तनाची कल्पना नसेल तर वगळलेले वाटणारे जॉब रोज चालत राहतात.

निरुपद्रवी वाटणाऱ्या फाइली: दस्तऐवजातील नमुना कोड चाचणीत वापरला जात असेल किंवा सीएसव्ही फाइलीत चाचणीचा डेटा असेल, तर या फाइली असंबद्ध राहत नाहीत. अनुवादाच्या बाबतीतही मूळ वाक्यातील चलमूल्याची जागा दाखवणारे चिन्ह अनुवादकाकडून गाळले गेले, तर संदेश चुकीचा दिसतो किंवा कार्यक्रम थांबतो. अशा फाइलींसाठी महाग जॉब वगळून त्यांच्या स्वरूपाची काही सेकंदांची तपासणी ठेवणे हा मध्यम मार्ग आहे.

बाहेरचे बदल: प्रकल्पाच्या एकाही फाइलीत बदल न होता चाचणी अपयशी ठरू शकते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या संग्रहातून काढून घेतले गेले, तेव्हा जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी एकाएकी बंद पडली. फाइलबदलांवर आधारित कोणताही नियम असा बिघाड ओळखू शकत नाही. म्हणून वेळापत्रकानुसार होणारी पूर्ण फेरी अनावश्यक समजून काढून टाकणे योग्य ठरत नाही.

नियमांचा भार: वगळण्याचे नियम हाही कोडच असतो. फाइली हलवल्या, फोल्डरचे नाव बदलले की नियम शांतपणे निरुपयोगी होतात. चालायला हवा होता तो जॉब चाललाच नाही, याची सूचना कोणतीही यंत्रणा आपणहून देत नाही. त्यामुळे दोन मिनिटांच्या जॉबसाठी गुंतागुंतीचे नियम लिहिणे परवडत नाही. मोजमाप करून सर्वाधिक यंत्रवेळ घेणाऱ्या मोजक्या जॉबवर लक्ष देणे अधिक फलदायी ठरते.

विद्यार्थी व नवे योगदानकर्ते

मुक्तस्रोत प्रकल्पात प्रथमच योगदान देणाऱ्यासाठी सीआय हे बहुधा एकमेव पूर्ण चाचणीयंत्र असते. अनेक डेटाबेस, तीन कार्यप्रणाली आणि ब्राउझर यांसह संपूर्ण संच चालवणे सर्वसाधारण लॅपटॉपवर शक्य नसते. यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथील बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९८३) आणि यवतमाळ येथील जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय (स्थापना १९९६) येथे संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शहरांपासून दूर असलेल्या अशा ठिकाणांहून मुंबईतील किंवा परदेशातील प्रकल्पाला बदल पाठवणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रकल्पाशी पहिला संवाद देखभालकर्त्याआधी सीआयच्या निकालाशीच होतो. तो निकाल रांगेमुळे काही तासांनी आला किंवा त्याच्या बदलाशी संबंध नसलेल्या जॉबमुळे लाल दिसला, तर चूक आपली की यंत्रणेची हे त्याला कळत नाही.

योगदानकर्त्यालाही अनावश्यक जॉब कमी करता येतात. मांडणीची व जलद चाचण्यांची तपासणी आपल्या संगणकावर आधी करणे, काम अपूर्ण असताना पुल रिक्वेस्ट मसुदा म्हणून उघडणे, छोट्या दुरुस्त्या एकत्र करून एकदाच पाठवणे आणि असंबद्ध बदल एकाच पुल रिक्वेस्टमध्ये न मिसळणे या सवयी त्यासाठी पुरेशा ठरतात. शेवटच्या सवयीचा फाइलमार्गाच्या नियमांशी थेट संबंध आहे: अनुवादाच्या दुरुस्तीसोबत कोडची एक ओळ बदलली की वगळता आलेले सर्व जॉब पुन्हा चालतात.

गिटहबच्या मोफत योजनेत एका खात्याला एकाच वेळी २० जॉब चालवता येतात आणि त्यांपैकी मॅकओएसवरील जॉब पाचपेक्षा अधिक असू शकत नाहीत. ३० जॉबचा मॅट्रिक्स असलेल्या प्रकल्पात एकाच पुल रिक्वेस्टने ही मर्यादा ओलांडली जाते आणि त्यामागून आलेली प्रत्येक पुल रिक्वेस्ट रांगेत उभी राहते. सात जॉबच्या प्रकल्पात मात्र दोन योगदानकर्त्यांच्या फेऱ्या एकाच वेळी पूर्णपणे चालू शकतात.